पितृपंधरवड्यातलं विमान

पितृपंधरवड्यात आमच्या भूममध्ये कुणी नवी चप्पलसुद्धा घेत नाही. लग्नाचं बोलणं थांबतं, गाडीची खरेदी थांबते, शेताचा सौदा करणारासुद्धा "घट बसू द्या, मग बघू" म्हणतो. आमच्या बाई नेमक्या त्या पंधरवड्यात परदेशी जायच्या.

कारण विचारलं तर म्हणायच्या, "समदा मुलूख घरात बसतो तवा गाडी रिकामी असती. रिकामी गाडी स्वस्त असती. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

बाई म्हणजे मुलींच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. अंगाने बुटक्या, आवाजाने उंच. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि घंटा झाली की घरचं. मी त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या छड्या खाल्ल्या आणि नशिबाने सासरही गावातच मिळाल्यामुळे त्यांच्या तावडीतून कधी सुटले नाही. बाजारपेठेत आमचं औषधाचं दुकान आहे. रिटायर झाल्यावर बाई आमच्या गल्ल्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसू लागल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, घरात बोलायला कुणी नाही. पेशंटसाठी ठेवलेलं ते स्टूल मग पेशंटला क्वचितच मिळालं. मोबाइल नाकाला लावून त्या विमानाची तिकिटं बघत आणि मधूनच एखाद्या गिऱ्हाइकाला विचारत, "पासपोर्ट काढलास का?" तो बिचारा खोकल्याचं औषध न्यायला आलेला असे.

अशा बसल्या बसल्या त्यांनी गावातल्या बायकांचा एक मेळा जमवला. एक अंगणवाडीतली, दोन शिक्षिका, एक पिठाच्या गिरणीवाली, मी, आणि मोठ्या बागायतदाराच्या घरच्या पाटलीणकाकू. कुणाचाच नवरा परदेशी गेलेला नव्हता, ही गोष्ट मला अजूनही सांगायला आवडते.

स्वस्तात कसं जायचं यावर बाईंची ठाम मतं होती आणि ती ऐकणारा मागे हटला तरी त्या थांबत नसत. "लोक आधी देश ठरवतात आन् मग तिकिटाकडं बघून रडत बसतात. आपण आधी स्वस्त तिकीट कुठलं ते बघायचं, मग तो देश आवडून घ्यायचा. आपली लग्नं अशीच झाली न्हाईत का?" थेट विमान त्यांना मान्य नव्हतं. घाई करणाऱ्याला भाडं जास्त पडतं, मधे कुठंतरी दिवसभर बसायची तयारी ठेवली की तिकीट खाली येतं, आणि बसायचं तर आपल्याला एसटीनं शिकवलेलंच आहे, असं त्यांचं म्हणणं. मुंबईकडं तोंड करायची सवयही त्यांनी आमची मोडली. हैदराबाद निजामाच्या राज्यापासून आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीचं, तिथूनच निघायचं.

हॉटेलाबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचताना त्या वाईट शेरे आधी वाचायच्या. चांगलं लिहिणारा मालकाचा मेव्हणा असू शकतो, वाईट लिहिणारा तिथं खरोखर राहून आलेला असतो. त्या वाइटातही निवड असायची. 'जेवण बेचव' चालायचं, कारण आम्ही कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेणार. 'अंथरुणात ढेकूण' चालायचं नाही. आणि 'बसस्टँडचा फार आवाज येतो' असं कुणी तक्रारीनं लिहिलेलं सापडलं की बाई खूश. म्हणजे स्टँड पायाखाली आहे, रिक्षाचं भाडं वाचलं.

तारीख ठरवण्याचा सोहळा तर बघण्यासारखा. भिंतीवरचं कॅलेंडर काढून काउंटरवर पसरायचं. कुणाच्या सासऱ्याची चतुर्थी, कुणाच्या चुलतसासऱ्याची द्वादशी. चतुर्थीचं जेवण घालून निघायचं आणि द्वादशीच्या आत पाटावर बसायला परत यायचं. या दोन तिथींच्या मधे जेवढं बसेल तेवढा आमचा परदेश. पहिल्या वर्षी शेजारचे एक काका दुकानात येऊन सांगून गेले की या दिवसांत प्रस्थान करू नये, पितरांचे दिवस आहेत.

बाई म्हणाल्या, "माझ्या आत्याबाई जन्मात बार्शीच्या पुढं गेल्या न्हाईत. ह्या पंधरवड्यात त्या खाली येत्यात म्हणता ना? मग येऊ द्या की बरोबर. त्यांचं कुठं तिकीट लागतंय?"

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. दुकानातल्या बायका हसल्या.

पण तिकीट काढायच्या आधी एक परीक्षा असायची आणि ती येरमाळ्याला व्हायची. उद्याच निघायचं आहे असं समजून बॅग भरायची, एसटीनं येरमाळ्याला जायचं आणि ती बॅग पाठीवर घेऊन डोंगरावरच्या येडाई देवीच्या पायऱ्या चढायच्या. विमानाच्या पोटात सामान द्यायचे पैसे वेगळे पडतात, म्हणून एकच बॅग, आणि ती स्वतःची स्वतः वाहायची. वाटेत जड झालं तर बसून वस्तू काढायच्या आणि खाली प्रसादाच्या दुकानात ठेवायच्या. तो दुकानदार आम्हाला ओळखायला लागला होता. एकदा त्याच्याकडे आमची एक इस्त्री पंधरा दिवस राहिली.

पाटलीणकाकू पहिल्यांदा आल्या त्या परीक्षेची आठवण निघाली की मला अजून हसू आवरत नाही. घरी गडी-माणसं असल्यामुळे काकूंनी कित्येक वर्षांत पाण्याची घागरसुद्धा उचललेली नव्हती. निम्म्या पायऱ्यांवर त्या धापा टाकत थांबल्या. बॅग उघडली तर आत लोखंडी तवा आणि खाली तांदूळ. आम्ही निघालो होतो थायलंडला. तांदूळ कशाला, विचारलं तर काकू म्हणाल्या, परक्या मुलखात मिळंल न मिळंल. मग घाबरत घाबरत त्यांनी बाईंना विचारलं, जरा बसलं तर चालेल का, की नापास?

"बसा की," बाई म्हणाल्या. "बसायला बंदी न्हाय. दिवस मावळंपर्यंत बसा. फकस्त बॅग तुमच्याच मांडीवर पायजे. दुसऱ्याच्या हातात गेली की नापास."

काकूंनी तांदूळ देवीला वाहिले, तवा प्रसादाच्या दुकानात ठेवला आणि पास झाल्या.

थायलंडची दुसरी आठवण रुमालाची. बाईंकडे नवऱ्याचा एक मोठा चौकड्याचा रुमाल होता. भूमच्या स्टँडवर गाडी लागली की दार उघडायच्या आत खिडकीतून तो रुमाल आत जाई आणि सीट धरली जाई. रुमाल एवढा ऐसपैस की दोन सीटा सहज झाकायच्या. तिकडे आम्ही स्वस्तातल्या साध्या डब्याच्या गाडीनं एका जुन्या गावी निघालो होतो. खिडक्या उघड्या. गाडी फलाटाला लागते न लागते तोच बाईंचा हात उठला आणि रुमाल आत. आतल्या एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, कुणाचा तरी उडाला. तिनं तो उचलला, घडी घातली आणि खिडकीतून वाकून, हात जोडून, परत दिला. बाईंनी पुन्हा टाकला. तिनं पुन्हा दिला. तिसऱ्या वेळी बाई चक्क मराठीत तिला समजावू लागल्या, की अहो, पडला नाही, टाकलाय, जागा धरलीय.

गंमत म्हणजे डबा अर्धा रिकामा होता. काकूंनी ते दाखवलं तर बाई म्हणाल्या, रिकामी असली तरी धरायची, सवय मोडली तर परत आल्यावर भूमच्या स्टँडवर हाल होतील. मग ती म्हातारी आमच्याच बाकावर येऊन बसली, आम्ही तिला भाकरीवर चटणी दिली, आणि चटणी जिभेवर गेल्यावर तिचा चेहरा जो झाला तो बघून बाईंनी घाईघाईनं स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

माझी पुण्याची नणंद एका मोठ्या कंपनीबरोबर युरोप करून आली. किती देश पाहिले ते ती बोटांवर मोजून सांगत होती. मी विचारलं, तिकडची भाकरी कशी असते, बसमध्ये शेजारी कोण बसलं होतं, भाव करताना काय म्हणायचं? तिला काही सांगता येईना. बसच्या काचेतून बघितलं म्हणाली. त्या दिवशी मी तिच्या चहात साखर जरा जास्तच घातली, एवढी मी खूश होते. आमच्या बाईंनी आम्हाला काचेच्या बाहेर काढलं होतं. माझ्या औषधाच्या काउंटरला विमानतळाची खिडकी समजून, स्वतः पलीकडे साहेब होऊन, त्या आमच्याकडून उत्तरं घोटून घ्यायच्या. कशाला आलात, कुठं उतरणार, परतीचं तिकीट कुठंय. मान खाली घालून उत्तर दिलं तर पुन्हा रांगेत. गिरणीवालीचा आवाज पहिल्या वर्षी ऐकूसुद्धा यायचा नाही. दुसऱ्या वर्षी खऱ्या साहेबानं तिला दोनदा तेच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, आत्ताच सांगितलं की. तेही इंग्रजीत.

आता राहिली ती ज्वालामुखीची गोष्ट. शाळेत बाई फळ्यावर ज्वालामुखी काढायच्या तो दिवस आम्ही विसरलो नाही. लाल खडू त्या स्वतःच्या पर्समध्ये जपून ठेवायच्या आणि या एका चित्राशिवाय कशालाही वापरायच्या नाहीत. डोंगराच्या पोटातून लालभडक लोळ वर येऊन फळ्याच्या चौकटीपर्यंत जायचा. मग त्या फरशीवर पाय आपटून म्हणायच्या, "मुलींनो, तुम्ही ज्याच्यावर उभ्या आहात तो काळा दगड एके काळी वाहत होता. हा सगळा बालाघाट लाव्ह्याचाच." आम्ही पाय उचलून घ्यायचो.

एका वर्षी बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, या खेपेला जावा बेट. तिथं ज्वालामुखी आहे, धूर निघतो, तोंडापर्यंत पायऱ्या आहेत. मी म्हटलं, बाई, तिकीट बघितलं का? म्हणाल्या, न्हाय, बघू. मी चपापले. आधी देश आणि मग तिकीट! त्यांनी आपला पहिला नियम स्वतःच मोडला होता.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बाई माझ्याकडून गुडघ्याचं मलम घेईनाशा झाल्या होत्या. समोरच्या दुकानातून घ्यायच्या, तेसुद्धा पिशवीत लपवून, मला कळू नये म्हणून. गावात औषधाचा धंदा करणाऱ्यापासून दुखणं लपत नाही. समोरच्या दुकानदाराचा आणि माझा पुरवठादार एकच.

त्या श्रावणात आम्ही येरमाळ्याला गेलो. पायऱ्या ओल्या होत्या. बाई नेहमी सगळ्यांत पुढे असायच्या, त्या दिवशी हळूहळू मागे पडल्या. निम्म्यावर त्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. काकू त्यांची बॅग घ्यायला वाकल्या तर बाईंनी पट्टा हातात घट्ट धरला.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "माझं तिकीट काढू नका. तुमी जा समद्या. नियम मी केलाय, मोडणार न्हाय."

मी म्हटलं, बाई, ज्वालामुखी काय कुठं पळून जात नाही, पुढच्या वर्षी जाऊ. यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा नववीत गेले. मग पायरीकडे बघत त्यांनी सांगितलं ते आम्ही कुणीच आधी ऐकलेलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर त्यांना पुढं शिकायला सासूबाईंनीच पाठवलं. पोर सांभाळलं, रानातलं केलं, भावकीची बोलणी खाल्ली. नोकरी लागल्यावर एकदा बाई घरच्या भिंतीवर खडूनं ज्वालामुखीचा सराव करत होत्या. सासूबाई भाकरी थापायचं थांबवून बघत राहिल्या.

"मला म्हणाल्या, असं खरंच असतंय का गं कुठं? म्या म्हटलं, असतंय. तर म्हणाल्या, तू बघितलास? म्या म्हटलं, न्हाय. तर म्हणाल्या, मग लेकरास्नी कशाच्या जीवावर सांगतीस?" बाईंनी गुडघ्यावर हात दाबला. "त्या गेल्या. त्याचं उत्तर द्यायचं ऱ्हायलंय."

मला रडू येत होतं आणि रागही. एवढ्या बायकांना जग दाखवणाऱ्या बाईनं आपल्याच नियमापायी निम्म्या पायरीवर राहावं, हे मला मान्य नव्हतं. पण बाईंशी वाद घालण्याची माझी हिंमत नव्हती. ती काकूंची होती.

"नापास कोन म्हनतंय तुमाला?" काकू म्हणाल्या. "ह्याच पायरीवर मला काय म्हनला व्हता? बसायला बंदी न्हाय, दिवस मावळंपर्यंत बसा. मग बसा की. आमास्नी तरी घरी काय काम हाय?"

आणि त्या बाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग आम्हीही बसलो, बॅगा मांडीवर घेऊन. दर्शनाला येणारे लोक वळसा घालून जाऊ लागले. एकानं तर थांबून विचारलं, कशाचं उपोषण आहे?

त्यावर बाईंना हसू फुटलं. थोड्या वेळानं त्या उठल्या, चार पायऱ्या चढल्या, बसल्या. आम्हीही चढलो, बसलो. पुन्हा उठल्या. दुपार टळून गेली तरी ते चाललं होतं. वर पोचल्यावर त्यांनी देवळाची घंटा अशी बडवली की मला वाटलं शाळा सुटली. तिकिटं त्याच संध्याकाळी, परतीच्या एसटीत बसून काढली. जरा महाग पडली. बाईंनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही, आम्हीही नाही.

जावाला सगळे लोक त्या डोंगरावर सूर्योदय बघायला जातात आणि त्यासाठी जीपवाले वाटेल ते भाडं घेतात. बाई म्हणाल्या, सूर्य भूमलाबी उगवतो, त्याचे पैसे कशाला? म्हणून आम्ही गर्दी ओसरायच्या वेळेला, परतणाऱ्या जीपवाल्याशी भाव करून, सकाळी उशिरा पोचलो. पुढं राखेचं मोठं माळरान होतं. तिथं घोडी मिळतात. घोडीवाल्यानं भाव सांगितला, बाई पाठ फिरवून लंगडत चालू लागल्या, तोच तो मागून आला आणि निम्म्यावर तयार झाला. मग बाई घोडीवर बसल्या. नऊवारीचा काष्टा, पायात मोजे, पाठीवर बॅग. काकू म्हणाल्या, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्या.

पायऱ्यांच्या पायथ्याशी बाई उतरल्या आणि त्यांनी चौकड्याचा रुमाल माझ्या हातात दिला. "तू पुढं जा. जागा धर."

वर ज्वालामुखीच्या तोंडाशी कठडा आहे आणि कठड्याला माणसं चिकटलेली. वास तर असा की आमच्या दुकानातलं खरजेचं मलम कुणीतरी पातेल्यात उकळायला ठेवलंय. मी जागा सापडताक्षणी रुमाल खाली पसरला. एका उंच गोऱ्या माणसानं तो उचलून मला आणून दिला. काकूंनी त्याच्या हातून घेतला आणि पुन्हा पसरला. तो काय समजला कुणास ठाऊक, पण बाजूला झाला. आम्ही सगळ्या रुमालाभोवती कडं करून उभ्या राहिलो आणि खाली बघू लागलो. बाई येत होत्या. पाच-सहा पायऱ्या, मग बसायचं, बॅग मांडीवर. पुन्हा उठायचं. त्यांच्यामुळे मागची रांग थांबत होती, लोक कडेनं वाट काढत होते आणि जाता जाता वळून त्यांच्याकडे बघत होते. या आमच्या बाई आहेत, असं त्या प्रत्येकाला हात धरून सांगावं असं मला वाटलं. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कशाचा कधी वाटलेला नाही.

बाई पोचल्या. रुमालाच्या एका अर्ध्या भागावर, अंग चोरून, बसल्या. मग कठड्याच्या सळयांमधून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. आत खोल खाली करडी राख, कडेला पिवळी पूड, आणि पांढरा धूर घरघरत वर येत होता.

"लाल न्हाय गं," त्या म्हणाल्या. "एवढुसंबी लाल न्हाय. इतकी वर्षं पोरींना लाल काढून दाखवला."

मी म्हटलं, बाई, फुटला की लाल होत असेल. त्यांनी मान हलवली. आपण बघितलं ते करडं, म्हणाल्या, आपण करडंच सांगायचं.

काकू दमल्या होत्या. रुमालाचा दुसरा भाग मोकळा दिसला म्हणून त्या टेकायला वाकल्या. बाईंनी हात आडवा केला.

"तिथं न्हाय, काकू. ती धरलेली हाय."

त्यांनी बॅग उघडली. कडक भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर चटणी ठेवली आणि तो रुमालाच्या मोकळ्या अर्ध्या भागावर, कठड्याच्या बाजूला, मांडला.

"बसा आत्याबाई," त्या म्हणाल्या. "खिडकीची हाय. बघितला म्या."

काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. मीही ओढणी घेतली.